महाशिवरात्र ते आखाजी: हतनूरच्या फुगवट्यावर गळ टाकताना

जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणावर पहिल्यांदा गळ घेऊन आलेला माणूस बहुतेक वेळा एकच विचारतो, "आमिष काय लावू?" माझ्या मते हा चौथा-पाचवा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की कालपासून पाणी किती उतरलं? पावसाळ्यात पाणी चढतं, हिवाळ्यात बरंचसं ठरलेलं असतं, पण माघ सरला की ते रोज उतरतं आणि उतरत्या पाण्यातला मासा रोज जागा बदलतो. काल जिथे दोन रोहू लागले तिथेच आज तुम्ही दुपारपर्यंत बसून राहाल आणि दोष मात्र कणकेला द्याल.

हे मला एका म्हाताऱ्या भोई बाबांनी शिकवलं. मी सलग तीन दिवस एकाच बाभळीखाली बसलेला त्यांनी पाहिला. चौथ्या दिवशी जवळ येऊन म्हणाले, "पानी उतरून राह्यलं भो, मासा काय जागेवर बसून राहीन?" पुढे जे लिहिलंय ते सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे.

आधी धरण समजून घ्या

हतनूर तापीवर आहे, भुसावळ तालुक्यात. तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईजवळ उगम पावून सातपुड्याच्या पायथ्याने येते, पूर्णा काळ्या मातीच्या वऱ्हाडातून येते, आणि चांगदेवला दोघींचा संगम होतो. धरणाची भिंत संगमाच्या खाली आहे, त्यामुळे फुगवटा, म्हणजे भिंतीमागे तुंबलेलं पाणी, दोन्ही नद्यांमध्ये मागे मागे पसरलेला आहे. गळवाल्याच्या दृष्टीने हे एकच पाणी नाही. पूर्णेच्या बाजूला गाळ जास्त आणि पाणी मातकट. तापीच्या बाजूला त्या मानाने नितळ, काठाला खडी आणि खडक. ४१ दरवाज्यांचं हे धरण गाळाने बरंच भरलेलं असल्यामुळे पाणपसारा मोठा दिसला तरी खूप जागी पाणी उथळ आहे. उथळ पाणी लवकर तापतं, लवकर थंड होतं, आणि हातभर उतरलं की काठ पार दूर सरकतो.

पाणी उतरण्याची कारणंही लक्षात ठेवा. उजव्या कालव्यातून यावल-चोपड्याकडे शेतीचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, जातं, दीपनगरच्या वीज केंद्राला पाणी लागतं, खालच्या गावांना पिण्यासाठी नदीत पाणी सोडावं लागतं, आणि चैत्रापासून ऊन आपला वाटा उचलतं. आवर्तन कधी सुटणार हे वर्तमानपत्रात येतं, काठावरच्या शेतकऱ्यालाही माहीत असतं. निघण्याआधी ते विचारून घ्या.

काडी रोवायची

काठावर पोचल्यावर सामान सोडण्याआधी एक काम करा. कडुलिंबाची किंवा तुराटीची हातभर काडी घ्या आणि पाणी जिथे जमिनीला टेकतं त्या रेषेवर रोवा. परत जाताना पाहा, दुसऱ्या दिवशी आलात तर पुन्हा पाहा. दुसरी खूण गाळावरच असते. उतरत्या पाण्याने काठावर पायऱ्यांसारख्या बारीक रेघा उमटतात, प्रत्येक रेघेशी शेवाळाचा आणि काडीकचऱ्याचा पट्टा सुकलेला असतो. रेघा एकमेकींना चिकटून असतील तर पाणी सावकाश उतरतंय. दोन रेघांमध्ये वीतभर मोकळा, ओला, चकचकीत गाळ असेल तर पाणी भरभर चाललंय. मात्र ही तुलना एकाच उताराच्या काठावर करा. सपाट काठावर दोन बोटं पाणी उतरलं तरी रेघ फार मागे जाते.

आता याचा उपयोग. पाणी सावकाश उतरत असेल तर मासा पहाटे आणि संध्याकाळी उथळात चरायला येतो, गळ जवळ टाका. आवर्तन सुटून पाणी झपाट्याने जात असेल तर मासा उथळ सपाटी सोडून जुन्या पात्राच्या कडेला जातो. अशा दिवशी जवळ टाकलेला गळ वाया जातो. लांब फेकता येत नसेल तर दुसरा काठ शोधा, जिथे जुनं पात्र काठाजवळून वळण घेतं. आणि आवर्तन बंद होऊन पाणी दोन-तीन दिवस एका जागी थांबलं, की मासा पुन्हा काठाकडे सरकतो. वर्षभरातले माझे चांगले दिवस मोजले तर निम्मेअधिक या थांबलेल्या पाण्यातले निघतील.

जुनं पात्र ओळखायचं कसं? गळाच्या दोरीला नुसतं शिसं बांधून पंख्यासारखं पाच-सहा ठिकाणी फेका आणि शिसं तळाला टेकेपर्यंत आकडे मोजा. तीन-चार आकड्यांत टेकत असलेलं शिसं अचानक आठ-नऊ आकडे घेऊ लागलं की तिथे कडा आहे. हळूहळू ओढून घेताना दोरी गुळगुळीत सरकली तर गाळ, खडखडली तर खडी. कडा आणि खडी एकत्र सापडली तर ती जागा मनात पक्की करून ठेवा, पुढच्या वर्षीही उपयोगी पडेल.

तीन तुकडे

आमच्याकडे वसंत म्हणजे एकसारखा ऋतू नाही. मी त्याचे तीन तुकडे करतो.

महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईची यात्रा भरते, तिथून होळीपर्यंत पहिला तुकडा. रात्री गार, दुपार कडक. पाणी रात्रीच्या गारव्यातून उशिरा सुटतं, म्हणून पहाटे पाच वाजता कुडकुडत येऊन बसण्यात फारसा अर्थ नाही. सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ धरा. सूर्य अजून दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेचा काठ, म्हणजे ज्याचं तोंड दक्षिणेला आहे तो, आधी तापतो. तिथल्या उथळ, गवताळ कोपऱ्यात सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, येतो. रोहू, कटला, मृगळ हे पावसाळी पुरात, वाहत्या पाण्यात अंडी देणारे मासे. सायप्रिनसचं तसं नाही. तो साठलेल्या पाण्यातही वितो आणि त्याची अंडी पाणगवताला चिकटतात. या दिवसांत गवतात मोठाले मासे अंग घासत, पाणी ढवळत फिरताना दिसले तर ते त्याच कामात असतात. तेवढा कोपरा सोडून द्या. उतरत्या पाण्याने त्यांची कितीतरी अंडी आधीच उघडी पडून सुकतात, त्यात आपण भर घालू नये.

होळी ते पाडवा, आणि पाडव्यानंतरचा आठवडा, हा दुसरा तुकडा, सगळ्यांत चांगला. रोहू-कटल्याची भूक पाणी २५ ते ३० अंशांवर असताना उत्तम असते आणि या दिवसांत पाणी बरोबर तिथे येऊन पोचतं. साधा थर्मामीटर दोरीला बांधून गुडघाभर पाण्यात पाच मिनिटं सोडा. हात घालून अंदाज करू नका, कारण बाहेरच्या उन्हामुळे हाताला पाणी नेहमी गारच लागतं. वेळ सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी चार ते अंधार पडेपर्यंत.

या तुकड्यात वारा महत्त्वाचा. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की वरचं कोमट पाणी आणि त्यातले सूक्ष्म जीव वाऱ्यासोबत सरकतात. लाटा ज्या काठावर आदळतात तिथे अन्न गोळा होतं, पाणी थोडं गढूळ होतं, आणि मासा तिथे येतो. बसायला मात्र आपल्याला वारा पाठीशी असलेला निवांत काठ आवडतो. वाऱ्याकडे तोंड करून बसायची तयारी ठेवा. रुमाल डोक्याला घट्ट बांधा, गळ टाकायला त्रास होईल, दोरी वाऱ्याने पोटात फुगेल, पण मासा तिथेच आहे.

पाडवा ओसरला की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, तिसरा तुकडा. पारा चाळिशी ओलांडतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. त्यात शेवाळ रात्रभर प्राणवायू खर्च करतं, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. सूर्य उगवताना मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून भपभप करताना दिसले तर ते खायला वर आलेले नसतात, गुदमरलेले असतात. तेव्हा गळाला ते तोंड लावत नाहीत आणि लावू नयेतही. थोडं ऊन चढू द्या, शेवाळ कामाला लागू द्या, सात ते नऊ या वेळात बसा आणि सामान आवरा. संध्याकाळी सूर्य बुडाल्यानंतरचा तासभर पुन्हा चांगला. ज्या काठाला लाटा आहेत तिथे हवा पाण्यात मिसळत असते, या दिवसांत तोच काठ धरा.

पक्ष्यांकडेही पाहत राहा. हतनूर पाणपक्ष्यांसाठी नावाजलेलं आहे आणि फेब्रुवारीत पाहुणे पक्षी अजून असतात. पाणकावळे एका जागी सारख्या बुड्या मारत असतील तर तिथे बारीक मासा आहे, आणि त्याच्यामागे खालून शिंगाळ्यासारखा शिकारी मासाही असू शकतो. बगळे गुडघाभर पाण्यात स्तब्ध उभे असतील तर उथळ अजून जिवंत आहे. सगळे बगळे एकदम काठ सोडून गेले असतील तर पाणी कुठवर सरकलं ते पाहायला काडीकडे जा.

गळ, दोरी आणि कणीक

सामानाबद्दल फार लिहीत नाही. काठी बांबूची असो वा दुकानातली, रोहू-मृगळाला ०.२८ ते ०.३५ मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी पुरते. गळ लहान घ्या, ६ किंवा ८ नंबरचा. कार्पच्या जातीचा मासा आमिष चोखून पाहतो, मोठा गळ ओठाला लागला की थुंकून टाकतो. तापीच्या नितळ बाजूला दोरी बारीक घ्या आणि काठापासून चार पावलं मागे बसा, कारण तुमची सावली आणि पावलांचा दणका दोन्ही पाण्यात पोचतात. पूर्णेच्या गढूळ बाजूला दोरी दिसण्याची चिंता नाही, तिथे वासाचं आमिष चालतं.

कणकेवर मात्र थोडं थांबतो. माझी कणीक अशी: भुईमुगाची पेंड कुटून बारीक चाळायची आणि लोखंडी तव्यावर मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजायची. काळी होऊ द्यायची नाही, करपलेल्या वासाला मासा येत नाही. दोन वाट्या पेंडीला एक वाटी दादरीचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, पीठ. पाण्याऐवजी साल काळी पडलेलं, पार पिकलेलं केळं कुस्करून त्यात मळायचं, केळं आपल्याकडे कमी नाही. गोळा ओल्या फडक्यात तासभर ठेवायचा. मग परीक्षा. बोराएवढी गोळी करून पाण्याने भरलेल्या तांब्यात सोडा. दोन मिनिटांत विरघळली तर सैल, दादर वाढवा. अर्ध्या तासाने तशीच घट्ट असेल तर मासा तिच्या वासापर्यंत पोचणारच नाही, थोडं केळं वाढवा. पंधरा-वीस मिनिटांत कडा विरू लागाव्यात आणि मधला गोळा गळावर टिकून राहावा, ती बरोबर कणीक. उन्हात ती सुकते, म्हणून दर थोड्या वेळाने ओल्या हाताने मळत राहा.

पहिल्या तुकड्यात, पाणी गार असताना, मासा जड आमिष नाकारतो. तेव्हा गांडूळ लावा, तेही अर्धं. सायप्रिनसला उकडलेले मक्याचे दाणे आवडतात.

आमिष किती खोल, हे माशावर ठरतं. मृगळ आणि सायप्रिनस तळाचे, त्यांच्यासाठी शिसं तळाला टेकवा. रोहू मधल्या थरात. कटला वरच्या थरात चरतो, त्याचं तोंडही वर वळलेलं असतं, म्हणून त्याच्यासाठी आमिष तरंगत्या बोंडाखाली दोन-तीन हातांवर ठेवा. एकाच जागी तळाला टाकून कटल्याची वाट पाहणारे लोक मी कितीतरी पाहिले आहेत. जागा चांगली असते, चुकतो तो थर. सुरुवातीला ढेकळाएवढे चार-पाच गोळे चारा म्हणून टाका, नंतर दर अर्ध्या तासाला एखादा. सगळी पेंड एकदम ओतली की माशाचं पोट त्यातच भरतं.

मरळ

चैत्र-वैशाखात पाणगवताच्या मोकळ्या चकत्यांमध्ये मरळ श्वास घ्यायला वर येते. पुढे "टुप" असा आवाज आणि एक गोल तरंग. ती हवेतून श्वास घेते, म्हणून गरम, साचलेल्या पाण्यातही टिकते. जिवंत दिसणारं आमिष गवताच्या कडेने हळू ओढा, गळ मोठा आणि दोरी जाड घ्या.

पण गवतात वितभर जागेत शेंदरी रंगाच्या बारीक पिलांचा पुंजका उकळल्यासारखा हलताना दिसला तर गळ गुंडाळा. त्या पुंजक्याखाली आई-बाप राखण करत असतात आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात. त्यामुळे त्या वेळी मरळ पकडणं अगदी सोपं. पण ती उचलली की पिलं काही वेळात इतर माशांच्या पोटात जातात. एका माशासाठी शेकडो पिलं घालवायची नाहीत, एवढं प्रत्येकाने पाळावं असं मला कळकळीने वाटतं. पोट फुगलेली रोहू किंवा कटला लागली तरी ओल्या हाताने गळ काढून सोडून द्या. चैत्रात तिच्या पोटात अंडी तयार होत असतात, पहिल्या पुरात ती देणार असते.

धरणाखालची तापी

धरणाच्या खाली पात्र उन्हाळ्यात तुटत जातं. खडकात डोह राहतात, दोन डोहांच्या मध्ये बारीक धार. पाणी सोडलेल्या दिवशी, ही धार डोहात जिथे पडते तिथे, फेस संपतो त्या रेषेच्या किंचित बाजूला गळ टाका. वाहत्या पाण्यात प्राणवायू जास्त आणि खाणं आपोआप येतं. खडकाच्या कपारीत वाम असते, तिला संध्याकाळी गांडूळ. पाणी सोडलेलं नसेल आणि डोह आटत असेल तर तिथे फार मासे लागतात, पण ते कोंडलेले असतात. मी तिथे दोनपेक्षा जास्त घेत नाही. सातपुड्यातून येणाऱ्या सुकी, मोरसारख्या लहान नद्यांत चैत्रात उरलेल्या डबक्यांना तर हातच लावत नाही. गिरणा आणि वाघूर धरणांवर वरचेच नियम लागू पडतात. तिथेही आवर्तनाकडे लक्ष ठेवा.

परवानगी आणि जिवाची काळजी

जलाशयातल्या मासेमारीचे हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतात. बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिलं, तेच सोडतात, त्यांच्या घरची चूल त्यावर चालते. आधी संस्थेच्या माणसाला भेटा, परवानगी घ्या, जे शुल्क असेल ते भरा. भिंतीजवळचा भाग आणि दरवाज्यांचा परिसर टाळा. लावलेल्या जाळ्यांपासून लांब बसा. स्फोटकं किंवा विष वापरून मासे मारायला १८९७च्या कायद्यापासून बंदी आहे, असं कोणी करताना दिसलं तर गप्प बसू नका. थाई मांगूर लागला तर तो परत पाण्यात सोडू नका, त्याच्या पालनावरच देशात बंदी आहे.

गाळाची भीती खरी आहे. वरून भेगाळलेला, कोरडा दिसणारा गाळ खाली लोण्यासारखा असतो. एकदा मी मासा ओढायच्या नादात चार पावलं पुढे गेलो आणि मांडीपर्यंत रुतलो. जितकं झटकलं तितका खाली गेलो. शेवटी पाठीवर आडवा झालो, एकेक पाय सावकाश सोडवला आणि लोळत मागे आलो, पाऊण तास गेला. तेव्हापासून काठी टोचून पाहिल्याशिवाय मी ओल्या रेषेच्या पुढे पाय टाकत नाही. तुम्हीही टाकू नका, आणि एकटे जाऊ नका.

काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी आणि त्यांच्या वायरी पाण्यापर्यंत गेलेल्या असतात. वायर ओलांडायचीच नाही, लांबचा वळसा घ्या. गाळपेऱ्याच्या, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात घेतलेल्या पिकाच्या, आणि डांगरवाडीच्या वेलांतून चालू नका, ती कुणाची तरी वर्षाची कमाई आहे. धरणाखाली नदीत असताना धार अचानक वाढली किंवा पाण्यात पालापाचोळा वाहून येऊ लागला तर सामान गोळा करत बसू नका, आधी वर या. वैशाखातल्या वळवाच्या वेळी पहिला गडगडाट ऐकताच काठी खाली ठेवा, कार्बनच्या काठीतून वीज जाते. तुटलेली नायलॉनची दोरी गोळा करून घरी आणा. तिच्यात पाय अडकलेला बगळा मी सोडवलेला आहे, त्याच्या पायाला दोरीने हाडापर्यंत चीर गेली होती.

घरी आणताना

मार्च-एप्रिलच्या उन्हात मेलेला मासा दोन-तीन तासांत बिघडतो. नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत तर त्याहून लवकर. धरल्याबरोबर कल्ले आणि आतडी काढा. ही घाण काठावर टाकू नका, लांब खड्डा करून पुरा. बर्फ असेल तर बर्फात, नसेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि गोणपाट सुकू देऊ नका. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि बाजूचे काटे आधी पकडीने मोडा, नाहीतर गोणपाटातून हातात घुसतात. पूर्णेच्या बाजूच्या तळच्या माशाला गाळाचा वास असतो. त्याचे तुकडे मीठ, हळद आणि चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवून धुतले की वास बराच जातो. मग खान्देशी काळ्या मसाल्याचा रस्सा आणि कळण्याची भाकरी.